चांदीचं नाणं आणि लंडनचा दाखला

पुण्यातल्या आमच्या जुन्या पीआरवाल्यांच्या, म्हणजे जनसंपर्काच्या धंद्यातल्यांच्या, ग्रुपवर दिवाळीपासून एकच वाद पेटलाय: कंपनीच्या पत्रकार परिषदेत बातमीदारांना चांदीचं नाणं द्यावं की नाही. एक म्हणतो लाच, दुसरा म्हणतो पाहुणचार. २००३ साली टाइम्स समूहाने 'मीडियानेट' काढून पुरवणीतली जागाच विकायला ठेवली, तेव्हा यातलं कोणी तोंड उघडलं नव्हतं. मी लिहिलं, नाण्यावर काय भांडता, प्रेसनोटमध्ये काय लिहिता त्यावर भांडा. उत्तर आलं, "लंडनला बसून बोलणं सोपंय. तिथे काय सगळे हरिश्चंद्र?"

नाहीत. पण इथे २०१७ मध्ये बेल पॉटिंजर बुडाली. थॅचरबाईंचा प्रचार सांभाळणाऱ्या टिम बेल यांनी उभारलेली बडी पीआर कंपनी. दक्षिण आफ्रिकेतल्या उद्योगपती गुप्ता बंधूंच्या ओकबे कंपनीसाठी ती महिना एक लाख पौंडांवर काम करत होती. गुप्तांनी सरकारच खिशात घातल्याची ओरड होती, आणि बेल पॉटिंजरने त्यांच्यासाठी चालवलेल्या मोहिमेचा रोख मात्र 'गोऱ्यांच्या मक्तेदार भांडवला'वर. तेही वर्णद्वेषाची जखम अजून ओली असलेल्या देशात! तिथल्या डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने पीआरसीए या इथल्या व्यावसायिक संघटनेकडे तक्रार केली. सप्टेंबरमध्ये संघटनेतून बेल पॉटिंजरची किमान पाच वर्षांसाठी हकालपट्टी झाली, त्याच महिन्यात कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात.

पीआरसीएचं सभासदत्व ऐच्छिक; या धंद्याला परवाना इथेही लागत नाही. कंपनीला खरं मारलं ते पाठ फिरवणाऱ्या गिऱ्हाइकांनी. पण निकाल नावानिशी जाहीर झाला होता. आपली पीआरएसआय, म्हणजे भारतातल्या पीआरवाल्यांची संघटना, १९५८ची, तिने आचारसंहिता स्वीकारली १९६८ला. ती कोणी वाचलीय का, विचारलं; एक अंगठा आला, बाकी शांतता. हीच बेल पॉटिंजर बेलारूसचे हुकूमशहा लुकाशेन्को यांचं काम करत होती तेव्हा तिला कोणी बाहेर काढलं नव्हतं, हे मीही ग्रुपवर लिहिलं नाही.

बेल पॉटिंजर बुडाली त्या दिवसांत ऑफिसात एकाने विचारलं, "हे गुप्ता तुमच्याकडचेच ना?" मी घाईघाईने म्हटलं, ते सहारनपूरचे, आम्ही पुण्याचे. मग राहवलं नाही, जोडून दिलं की मोहीम रचणारे मात्र तुमच्या लंडनमधल्या हॉलबर्नचे. इथे भारताची बाजू, पुण्यात लंडनची, दोन्हीकडे बिनपगारी.

ग्रुपला खरं विचारायचंय ते हे: साहेबाने धडधडीत खोटं प्रसिद्धिपत्रक काढायला सांगितलं, तर ऑफिसातल्या नव्या पोरीने जायचं कुठे? इथे सीआयपीआर या पीआरवाल्यांच्या संस्थेकडे सल्ला मागता येतो, असं मी ऐटीत सांगते. माझा व्हिसा कंपनीच्या भरवशावर होता तोवर मी काही तिकडे फिरकले नसते. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. आवरून जायचं होतं ते पुण्यालाच, आईकडे, आणि मला ती शिक्षा वाटायची. हे मात्र ग्रुपवर लिहिणार नाही.