चतुर्थीला नेलेल्या गाडीबद्दल, काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय पाडव्याच्या सकाळी वाचला. आमच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात वहीपूजन चाललं होतं, तेवढ्यात मुलाने फोन हातात आणून दिला. दोन महिन्यांत क्लच गेला, तीनदा फोन करूनही कुणी उचलला नाही, गाडी उभी असताना थरथरते, अॅव्हरेज बाराच्या वर जात नाही, दुसरी किल्ली अजून मिळाली नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. फोन उचलायलाच हवा होता.

पण शेवटी ‘लूट’, ‘फसवलं’ असे शब्द वापरून तुम्ही लिहिलंत, ‘जीएसटी उतरणार हे यांना माहीत होतं, म्हणून घाईघाईने ३,३५,००० ला गाडी माझ्या गळ्यात मारली. आता तशीच गाडी पुण्यात भाच्याला २,९०,००० ला मिळतेय.’ बाकीचं सगळं मी ऐकून घेईन काका, हे नाही घेता येत. मागच्या आठवड्यात एक जण टोकन देऊन गेले होते, तुमचं हे वाक्य वाचून टोकन परत घेऊन गेले.

घाई कुणाची होती, ते आधी सांगतो. ही २०१७ ची गाडी माझ्याकडे ११ जुलैपासून उभी होती. तुम्ही काकूंना घेऊन आलात २४ ऑगस्टला, रविवारी. इथे इंदुरातच भंवरकुआपर्यंत चक्कर मारून आलात, आवडली म्हणालात. मी म्हटलं, चार दिवस द्या, विमा आणि ट्रान्सफरचे कागद नीट करून देतो. तुम्ही म्हणालात, ‘चतुर्थी चुकवायची नाही, खजराण्याच्या गणपतीला पूजा करायचीय.’ २६ तारखेच्या रात्री साडेदहापर्यंत दुकानातला कामाचा पोरगा पॉलिश करत बसला होता. २७ ला सकाळी काकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पेढा माझ्या हातावर ठेवला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

आता जीएसटीचं. २०२५ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून दिवाळीपर्यंत कर कमी करण्याची घोषणा झाली होती, पेपरात अंदाजही येत होते. ते तुमच्याही घरी येतात, माझ्याही. पण दर ठरले ३ सप्टेंबरच्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत आणि लागू झाले २२ सप्टेंबरला, घटस्थापनेला. १२०० सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता, तो थेट १८ टक्के झाला. शोरूममधली सहा लाखांची गाडी पन्नास हजारांच्या आसपास उतरली. नवी उतरली की जुनीला कोण आधीचा भाव देणार?

मला हे आधी माहीत असतं, तर १ सप्टेंबरला मी स्वतः दोन गाड्या जुन्या भावाने उचलल्या असत्या का? २२ तारखेला माझ्या आवारात अकरा गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या चार मी घेतल्या त्याहून कमी भावात काढल्या. उरलेल्यांपैकी तीन अजून उभ्याच आहेत आणि त्यांच्यावरच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातोच. पेपरातली चर्चा मी आपण होऊन काढली नाही, हे खरं आहे. पण नवी गाडी बघायची आहे का, हे मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, रिटायरमेंटच्या पैशाला त्यासाठी हात लावायचा नाही.

‘लूट’ हा शब्द लिहिलात म्हणून हिशेबही इथेच मांडतो, कुणी मांडत नाही तरी. गाडी मी २,८५,००० ला घेतली. पुढचे दोन टायर ७,८००, बॅटरी ४,६००, उजव्या दाराचं डेंटिंग-पेंटिंग ५,५००, एसीचं काम ३,५००. झाले २१,४००. खरेदी-विक्रीतल्या ५०,००० च्या फरकावर १८ टक्के जीएसटी मी भरतो, म्हणजे ९,०००. छोट्या पेट्रोल गाड्यांना हाच दर आधी १२ टक्के होता, २०२५ च्या जानेवारीत वाढला, आणि गाडीवर केलेला खर्च त्या फरकातून वजा होत नाही. हातात राहिले १९,६००. त्यात ४७ दिवसांचं जागेचं भाडं, पोराचा पगार, वीज. मी ३,५०,००० सांगितले होते, तुम्ही पाऊण तास बसून १५,००० कमी करून घेतलेत. ते तुमचं काम होतं, त्याचं मला काही वाटलं नाही.

क्लचविषयी. गाडी ६४,००० किलोमीटर चाललेली होती, हे कागदावर लिहून दिलंय. इंजिन आणि गिअरबॉक्सची तीन महिन्यांची जबाबदारी माझी. क्लच, ब्रेक, टायर त्यात येत नाहीत, कारण ते झिजायच्याच वस्तू आहेत. देताना मी स्वतः तिसऱ्या गिअरमध्ये चढावर घेऊन पाहिली होती, घसरत नव्हती. हे लिहिणार नव्हतो, पण ऑक्टोबरमध्ये ती गाडी सिग्नलला माझ्या पुढेच होती, मागच्या काचेवर लाल ‘एल’ लावलेला. चिरंजीव शिकतायत, आनंद आहे. पण शिकणाऱ्याचा पाय क्लचवरून उठत नाही, आणि राजवाड्याच्या गर्दीत तासभर हाफ क्लचवर गाडी रांगली की जुनी प्लेट किती दिवस टिकणार?

थरथरीचं म्हणाल तर तीन सिलिंडरचं इंजिन आहे ते, चार सिलिंडरइतकं शांत उभं राहत नाही. इंजिनात खोट नाही. अॅव्हरेज एकदा टाकी फुल करून, पुन्हा फुल करेपर्यंतच्या किलोमीटरवर काढा. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या थंड इंजिनवर, एसी लावून केल्या तर कुठलीही गाडी पेट्रोल पिते. याच मॉडेलची गाडी माझी बायको सात वर्षं चालवतेय. ९१,००० झाले, वेळेवर ऑइल, फिल्टर, एक बॅटरी आणि टायर, याच्यापलीकडे खर्च नाही. या किमतीत याहून भरवशाची गाडी मला ठाऊक असती, तर तुम्हाला तीच दाखवली असती.

काका, माझे वडील मिलमध्ये होते. १९९१ ला मिल बंद पडली तेव्हा मी पाचवीत होतो. त्यांनी स्कूटर दुरुस्तीवर घर चालवलं. हे दुकान त्याच जागेवर उभं आहे. म्हणून ‘फसवलं’ हा शब्द इतका लागला.

फोनचं आता व्यवस्थित बघतो आहोत, पोरालाही समज दिली आहे, दुसरा नंबरही घेऊ. क्लचचं सामान तुम्ही आधीच घातलंय, पण लेबरचं काय करता येईल ते बसून बघू, बिल घेऊन या. सोमवार सोडून कधीही, अकरानंतर मी असतो.

दुसरी किल्ली आधीच्या मालकीणबाईंच्या कपाटात सापडली. शनिवारी आणून दिली त्यांनी, माझ्या गल्ल्यात ठेवली आहे. येताना आरसीची झेरॉक्स आणा, रजिस्टरमध्ये सही घेऊन लगेच देतो.