टक्

आज सकाळी साडेसातला, भाजी अजून कढईतच होती, तेवढ्यात लेकीच्या नववीच्या पालकांच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांचा मेसेज आला. स्क्रीनशॉटसकट. मुलीचा फोन दोन मिनिटं हातात घ्या, व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जा, आपल्या लॅपटॉपवरचा क्यूआर कोड स्कॅन करा, झालं काम. तिचे सगळे मेसेज तुमच्यासमोर. तिला पत्ताही लागत नाही. आणि खाली एक ओळ : ‘मुलींच्या पालकांनी तर करावंच.’

दुपारपर्यंत त्याला १९ अंगठे. एका बाईंनी तर ‘खूप उपयुक्त माहिती सर’ म्हणून हात जोडले.

मुलींच्या पालकांनी! का हो? मुलींना नको ते पाठवणारी पोरं काय झाडाला लागतात? तीही ह्याच वर्गात बसतात, त्यांचेही आईबाप ह्याच ग्रुपवर आहेत, अंगठा देऊन मोकळे झालेत. एका अकाउंटला चार डिव्हाइस जोडता येतात. मग आई, बाबा, आत्या, मामा अशी पाळीच लावून टाका ना.

माझ्या वयाच्या लोकांना पॅरलल फोन आठवत असेल, एकाच लाइनवर जोडलेला दुसरा फोन. १९९३ साल, कराड, मी अकरावीत. बरीच वर्षं नंबर लावून ठेवल्यावर आमच्याकडे फोन आला. काळा, गोल तबकडीचा. बाहेरच्या खोलीत एक आणि अण्णांच्या कॉटशेजारी त्याचा पॅरलल. तबकडीला छोटं पितळी कुलूप, किल्ली अण्णांच्या जानव्याला. कुलूप बिलासाठी होतं असं ते म्हणायचे. पॅरलल कशासाठी होता ते कोणीच म्हणायचं नाही.

कुलपाचा इलाज आम्ही आठवड्यात शोधला. रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर टिचक्या मारायच्या. तीनसाठी तीन, पाचसाठी पाच, शून्यासाठी दहा. लयीत मारल्या की नंबर लागायचा. मी आजही डोळे मिटून लावीन.

पॅरललला मात्र इलाज नव्हता. आतला रिसीव्हर उचलला की कानात ‘टक्’ वाजायचं आणि समोरच्याचा आवाज एकदम विहिरीतून आल्यासारखा बारीक व्हायचा. मग मी म्हणायचे, ‘हो गं, फिजिक्सचं जर्नल उद्या आणते.’ ही आमची खूण. जर्नल म्हटलं की मैत्रिणी ओळखायच्या, अण्णा लाइनवर आहेत. त्या वर्षी माझ्या फिजिक्सच्या जर्नलची जेवढी चर्चा झाली तेवढा अभ्यास झाला असता तर मी कुठल्या कुठे असते.

हसू येतंय ना? मीही हा किस्सा वर्षानुवर्षं लग्नाकार्यांत रंगवून सांगितलाय. ‘अण्णा म्हणजे आमचे सीआयडी.’

बरं, ग्रुपवरच्या त्या महाशयांना मी सकाळीच उत्तर टाइप केलं होतं. सुप्रीम कोर्ट, २०१७, नऊ न्यायाधीश, खासगीपणा हा मूलभूत हक्क, सगळं. मग पुसलं. नववीच्या पालकांच्या ग्रुपवर हा पुट्टस्वामी निकाल काढला की आपणच वेडे ठरतो. मुलांवर पाळत ठेवू नका असं कंपन्यांना बजावणारा कायदाही २०२३ मध्ये झाला. घरातल्या कंपनीला कोण बजावणार? अहो, ते इन्स्टाग्राम. पालकांनी मुलांच्या अकाउंटवर देखरेख लावली तरी मागच्या सात दिवसांत मूल कोणाकोणाशी बोललं एवढंच दाखवतं. काय बोललं ते दाखवत नाही. जाहिरातींवर पोट भरणाऱ्या कंपनीला कुठे थांबायचं ते कळतं आणि आपल्याला कळू नये?

हो, माहितीये मला बाहेर काय चाललंय ते. फोटो मागणारे, मग त्याच फोटोंवरून धमकावणारे. सायबर गुन्ह्यांचा १९३० आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेत, लेकीच्याच अक्षरात. आणि आठ वर्षांच्या पोराच्या हातात फोन कोंबून ‘आमचा विश्वास आहे हो’ म्हणणारे आईबाप तर त्याहून थोर. तिथे बघायलाच हवं, पण त्याला सांगून, शेजारी बसून. मी बोलतेय ते आंघोळीला गेलेल्या मुलीचा फोन उचलण्याबद्दल.

आता किस्स्याचा उरलेला भाग. हा मी लग्नाकार्यांत सांगत नाही.

त्याच वर्षी, बहुतेक नोव्हेंबरमध्ये, रात्री नऊच्या पुढे एका मैत्रिणीचा फोन आला. त्या वेळी सहसा कोणी फोन करायचं नाही. ती म्हणाली, ‘अगं, ते क्लासचे सर आहेत ना...’ आणि टक्. आवाज बारीक झाला. मी सवयीनं म्हटलं, ‘हो गं, जर्नल उद्या आणते.’ पलीकडे दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग ‘बरं’ म्हणाली. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात विचारलं, काय म्हणत होतीस? ‘काही नाही गं.’

वार्षिक परीक्षा होईपर्यंत ती त्या क्लासला जात राहिली. त्या रात्री तिला काय सांगायचं होतं ते मला २०११ मध्ये कळलं. तिच्या ओट्यापाशी उभं राहून, ती कोथिंबीर निवडत होती तेव्हा. वर पाहिलं नाही तिनं. फक्त काड्या आणि पानं वेगळी करत राहिली, मग म्हणाली, तुझे अण्णा लाइनवर होते ना तेव्हा.

अण्णांनी त्या सरांची हाडं मोडली असती हो. तालमीतला माणूस. ऐकायला तर तेच बसले होते. नेमकं तेच त्यांना ऐकू आलं नाही.

लिहिता लिहिता राग उतरला माझा, कारण आता पुढचं लिहायचंय.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीही हे केलंय. लेक आंघोळीला गेली होती. पॅटर्न मला ठाऊक होता, तिनंच सांगितला होता, तिच्या फोनवर आलेला ओटीपी मला बघता यावा म्हणून. घरच्या लॅपटॉपवर तिचं व्हॉट्सॲप जोडलं. कारण काय? काहीही नव्हतं. दोनदा दार लोटून बोलत होती, एवढंच. अकरा दिवस वाचलं मी. तिनं मला ‘हेड ऑफिस’ या नावानं सेव्ह केलं होतं. ‘हेड ऑफिसकडून मंजुरी नाही’, ‘हेड ऑफिस तापलंय’. एकटीच खो खो हसले, आणि कोणाला सांगता येईना. नवऱ्यालाही नाही. बाकी मग कोणाला कोण आवडतं, कोणाच्या घरी भांडणं होतात, एका मुलीला नाचाच्या क्लासला पाठवत नाहीत म्हणून तिची समजूत. माझ्या लेकीला इतकी नीट समजूत घालता येते हे मला माहीत नव्हतं. आणि हे मला चोरून कळलं.

बाराव्या दिवशी लॅपटॉप उघडला. सगळीकडे एकच. ‘सायन्सचं जर्नल झालं का?’ ‘माझं झालं, तुझं?’ ‘उद्या आणते.’ सुट्टी चालू होती. शाळाच नव्हती.

खुणेचा शब्द तिला माझ्याकडूनच मिळाला होता. लहानपणापासून तो किस्सा ऐकत आलीये ती. आणि ते ‘तिला पत्ताही लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी ऐका, त्याच लिंक्ड डिव्हाइसेसच्या यादीत तुमचा लॅपटॉप दिसतो, शेवटचा कधी चालू होता ते वेळेसकट.

तिनं मला काहीच विचारलं नाही. लॉगआउटही केलं नाही. नुसतं जर्नल, जर्नल, जर्नल. चौदा वर्षांच्या पोरीनं मला ‘टक्’ ऐकवलं.

मी तिच्यासमोरच लॅपटॉपवरून लॉगआउट केलं. काय बोललो ते इथे लिहिणार नाही, खूप रडले मी, ती कमी. पुढचे दोन महिने ती माझ्याशी सरळ पण मोजून बोलायची, पाहुण्यांशी बोलतो तसं. पॅटर्न बदलला, तो मी विचारलेला नाही. फेब्रुवारीत एकदा रात्री अकराला दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, एक दाखवायचंय, पण आधी ओरडणार नाहीस म्हण.’ म्हटलं. दाखवलं. काय ते माझं आणि तिचं.

ग्रुपवर अजून अंगठे येतायत, आत्ता २३ झाले. मी तिथे काही लिहिलेलं नाही, भ्यायले म्हणा.

ही पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचायला दिली. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, काढली. ‘हेड ऑफिस’ काढू का विचारलं, तर म्हणाली, राहू दे, पण आता ते नाव बदललंय. नवं काय ठेवलंय ते सांगत नाहीये.