पुएब्लो मुळात हेरजहाज नव्हतंच
अमेरिकेने पुएब्लो हे जहाज खास हेरगिरीसाठीच बांधलं असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ ला विस्कॉन्सिनमधल्या केवॉनीला ते बांधलं, तेही नेव्हीसाठी नाही तर आर्मीसाठी, माल आणि माणसं वाहायला. १९६६ ला नेव्हीकडे आलं तेव्हाही नोंद हलकं मालवाहू जहाज अशीच होती, ऐकायची यंत्रं वगैरे नंतर चढवली. आणि प्लीज त्याला युद्धनौका म्हणू नका, दोनच मशीनगन होत्या हो, त्याही थंडीने कडक झालेल्या ताडपत्रीखाली! २३ जानेवारी १९६८ ला उत्तर कोरियाने पकडलं, एकजण गेला, बाकीचे ८२ जण ११ महिने कैदेत. जहाज अजून प्योंगयांगलाच आहे, पण अमेरिकन नेव्हीच्या यादीतून काढलेलं नाहीये.