'अमेरिकेत पहिल्यापासून जनताच राष्ट्राध्यक्ष निवडते' म्हणे!

निवडणुकांचे दिवस आले की ती पोस्ट परत फिरायला लागते. थोडक्यात सांगायचं तर, 'अमेरिकेत पहिल्या दिवसापासून जनता थेट राष्ट्राध्यक्ष निवडते, राज्यांचे आमदार रस्ते-पूल बघायचे, देशाचं राजकारण जेफरसन-हॅमिल्टनसारख्या मोठ्या माणसांनी तत्त्वाने केलं, आपल्यासारखी आमदारांची गणितं तिकडे नव्हतीच.' आमच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा आली म्हणून लिहायला बसलो.

आधी ते 'थेट जनता' घेऊ. त्यांच्या घटनेत एवढंच आहे की प्रत्येक राज्याने आपले इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी, नेमायचे आणि ते कसे नेमायचे हे त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचं. लोकांचं मत घ्याच, अशी सक्ती कुठेच नाही. १८०० साली १६ राज्यं होती, त्यातल्या ११ राज्यांत इलेक्टर आमदारांनीच निवडले, मतदारांना विचारलं फक्त ५ राज्यांनी. साउथ कॅरोलिनाने तर हा प्रकार १८६० पर्यंत चालू ठेवला. आणि १७८९ ची पहिलीच निवडणूक बघा, न्यूयॉर्कच्या दोन सभागृहांत इलेक्टर कसे निवडायचे यावरून जुंपली, दोघंही मागे हटेनात, शेवटी वॉशिंग्टनच्या निवडीत न्यूयॉर्कचं एकही मत पडलं नाही. कारण काय तर आमदारांचं भांडण!

आता 'आमदारांची गणितं नव्हती' हे वाक्य. यावर मला खरंच हसू आलं, कारण १८०० ची अख्खी निवडणूक याच गणितावर फिरली. न्यूयॉर्कचे १२ इलेक्टर विधिमंडळ निवडणार होतं, म्हणजे एप्रिलमधली विधिमंडळाची निवडणूक जो जिंकेल त्याच्या खिशात १२ मतं. जेफरसनच्या पक्षाचा तिथला नेता ॲरन बर, त्याला हे बरोबर कळलं होतं. त्याने न्यूयॉर्क शहरातून साध्या आमदारकीला उभं कोणाला केलं? जॉर्ज क्लिंटन, जो कित्येक वर्षं गव्हर्नर होता, आणि जनरल गेट्स, स्वातंत्र्ययुद्धातल्या साराटोगाच्या लढाईवाला. समोर हॅमिल्टनच्या, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या पक्षाच्या, यादीत बहुतेक कोणी ओळखत नाही अशी नावं. शहर बरच्या पक्षाने साफ मारलं.

मग तत्त्ववाले हॅमिल्टनसाहेब काय करतात तर ७ मे ला गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहितात की जुनं विधिमंडळ अजून संपलेलं नाही, त्याचं खास अधिवेशन बोलवा आणि नियमच बदलून टाका, इलेक्टर जिल्हावार लोकांकडून निवडू या. गंमत म्हणजे हीच जिल्हावार पद्धत विरोधकांनी काही आठवड्यांपूर्वी मागितली होती आणि तेव्हा हॅमिल्टनच्याच पक्षाने ती फेटाळली होती. जॉन जे हेसुद्धा त्याच पक्षाचे, पण त्यांनी त्या पत्रावरच शेरा मारून ठेवला की हा पक्षाच्या फायद्याचा उपाय आहे, मला तो स्वीकारणं शोभणार नाही. विषय संपला. निकाल काय लागला, तर जेफरसन ७३, ॲडम्स ६५. न्यूयॉर्कमधली नुसती ५ मतं जरी इकडची तिकडे गेली असती तरी ॲडम्स ७०-६८ ने पुढे असता. आणि नियम बदलायचा विचार एकट्या हॅमिल्टनच्या डोक्यात नव्हता हां, व्हर्जिनियाने त्याच वर्षी जिल्हावार पद्धत काढून सगळे २१ इलेक्टर एकगठ्ठा जेफरसनला मिळतील अशी सोय केली, तर मॅसॅच्युसेट्सने लोकांचं मतदान बंद करून सगळं विधिमंडळाच्या हातात घेतलं. दोन्ही पक्षांचे हात बरबटलेले.

'आमदार फक्त स्थानिक कामं बघायचे' हे अर्धं खरं आहे, रस्ते, पूल, बँकांची परवानगी हे त्यांच्याकडेच असायचं. पण केंद्राने १७९८ मध्ये सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा केला तेव्हा त्याविरुद्ध ठराव केले ते केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांनी. दुसऱ्या एकाही राज्याने साथ दिली नाही, तो भाग वेगळा. केंटकीच्या ठरावाचा मसुदा गुपचूप लिहून दिला जेफरसनने, जो तेव्हा देशाचा उपाध्यक्ष होता, आणि व्हर्जिनियाचा मॅडिसनने.

मॅडिसनवरून आठवलं, सेनेटर तेव्हा आमदारच निवडायचे, आपल्या राज्यसभेसारखं, आणि हे थेट १९१३ पर्यंत चाललं. घटनेचा शिल्पकार म्हणवला जाणारा हाच मॅडिसन १७८८ मध्ये सेनेटला उभा राहिला आणि व्हर्जिनियाच्या आमदारांनी त्याला पाडला, कारण तिथे पॅट्रिक हेन्रीचा शब्द चालायचा. शेवटी बिचारा खालच्या सभागृहात लोकांतून निवडून गेला. पुढे १७९९ मध्ये हाच मॅडिसन राज्याच्या विधिमंडळात आमदार म्हणून जाऊन बसला, त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

कारण दिल्लीला गेला म्हणजे मोठा झाला, हे जे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय ना, तसं तिकडे तेव्हा नव्हतं. डेविट क्लिंटन हा त्या जॉर्ज क्लिंटनचा पुतण्या, १८०२ मध्ये सेनेटर झाला आणि पुढच्याच वर्षी राजीनामा देऊन घरी परत आला. कशासाठी, तर न्यूयॉर्कचा महापौर व्हायला.