कॅम्पबेल : वाकडे तोंड, ‘सुंदर मैदान’ आणि ग्लेन्कोचे हत्याकांड

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल यांच्यामुळे हे स्कॉटिश आडनाव महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. या आडनावाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्यात चार विधाने असतात. मूळ घराणे नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधील नॉर्मंडीचे, असून ‘कॅम्पो बेल्लो’, म्हणजे सुंदर मैदान, यावरून नाव पडले. शत्रूंनी ते बिघडवून ‘वाकड्या तोंडाचा’, म्हणजे खोटारडा, असा अर्थ त्याला चिकटवला. जगातले सारे कॅम्पबेल एकाच पुरुषाचे वंशज आहेत. आणि 1692 मध्ये याच कुळाने स्कॉटलंडमधील ग्लेन्को येथे मॅकडोनाल्ड कुळातील लोकांची कत्तल करून जुने वैर उगवले. यांतील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, मात्र प्रत्येकात सत्याचा थोडाफार अंश असल्यामुळे ते पसरते.

नॉर्मन उगमाची कथा ऐकायला भारदस्त आहे, पण कागदपत्रे तिच्या विरोधात जातात. या घराण्यातील पहिली ठळक नोंद 1263 ची आहे. स्टर्लिंगजवळच्या मेन्स्ट्री आणि सॉची या जमिनींच्या संदर्भात गिलेस्पिक नावाच्या माणसाचा उल्लेख राजाच्या हिशेबात येतो आणि तेथे त्याचे उपनाम ‘कॅम्बेल’ असे, ‘प’शिवाय, लिहिलेले आहे. गावावरून किंवा जमिनीवरून पडलेल्या नॉर्मन नावांच्या आधी ‘द’ हे अव्यय येते, ‘अमुक गावचा’ या अर्थाने. येथे ते नाही. शिवाय गिलेस्पिक हे नावच गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या स्थानिक भाषेतले, आहे. ‘प’ हे अक्षर पुढे, लॅटिन जाणणाऱ्या लेखनिकांच्या हातून या नावात शिरले आणि ‘कॅम्पो बेल्लो’ची कल्पना रुजायला त्याचीच मदत झाली. आजही स्कॉटलंडमध्ये हे नाव ‘कॅम्बल’ असे काहीसे उच्चारतात. ‘प’ लिहितात, पण म्हणत नाहीत. भाषेच्या अंगाने पाहिले तर आणखी एक अडचण निघते. ‘सुंदर मैदान’ या अर्थाचे फ्रेंच नाव तयारच होते, ते म्हणजे ‘बोशां’, आणि ते इंग्लंडात येऊन ‘बीचम’ झाले. वॉरिकचे अर्ल याच नावाचे होते. नॉर्मंडीहून आलेल्या घराण्याने हे चालू फ्रेंच रूप सोडून इटालियन वळणाचे नाव का घ्यावे, याचे उत्तर हा मजकूर देत नाही. याच घराण्याच्या जुन्या वंशावळी थेट दंतकथेतल्या आर्थर राजापर्यंतही पोचतात. भाटांनी सूर्यवंशाशी नाते जोडून दिलेली घराणी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही.

‘वाकडे तोंड’ हा अर्थ मात्र शत्रूंनी रचलेला नाही. गेलिक भाषेत ‘कॅम’ म्हणजे वाकडे आणि ‘बेल’ म्हणजे तोंड; हा उलगडा अभ्यासकांना सामान्यतः मान्य आहे. हायलँड या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या कॅमरन या नावाचा अर्थही ‘वाकड्या नाकाचा’ असाच लावला जातो. शरीराच्या खुणेवरून माणसाला हाक मारण्याची रीत गेलिक समाजात रूढ होती आणि आपल्याकडची बोबडे, लंगडे ही आडनावे ऐकणाऱ्याला तीत काही अपमानास्पद दिसू नये. ग्लेन्कोच्या विश्वासघातावरून हे नाव पडले असे म्हणणाऱ्यांनी केवळ वजाबाकी करावी : 1263 आणि 1692 यांत चारशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

एका रक्ताचा दावा तर सर्वांत दुबळा आहे. कॅम्पबेलांच्या मुख्य शाखेच्या, म्हणजे अर्गाईलच्या, प्रमुखांना गेलिकमध्ये ‘मॅक कॅलेन मोर’, म्हणजे थोरल्या कॉलिनचा पुत्र, म्हणतात आणि तेराव्या शतकातल्या त्या कॉलिनपासून त्यांची परंपरा चालत आली, हे खरे. पण जमीनदाराच्या आश्रयाला आलेली कुटुंबे त्याचे नाव लावत. 1603 मध्ये मॅकग्रेगर हे नाव धारण करण्यावरच बंदी आली, तेव्हा त्यांतील अनेकांनी ग्रँट, ड्रमंड, कॅम्पबेल अशी नावे घेतली; त्यांच्यातला प्रसिद्ध रॉब रॉयसुद्धा आईचे कॅम्पबेल हे नाव वापरीत असे. बंदी कायमची उठली ती 1774 मध्ये. आणखी एक उदाहरण आपल्या इतिहासाला लागून आहे. 6 डिसेंबर 1857 रोजी कानपूर येथे तात्या टोपे यांच्या सैन्याचा पराभव करणारा सरसेनापती सर कॉलिन कॅम्पबेल हा ग्लासगोच्या मॅकलिव्हर नावाच्या सुताराचा मुलगा होता. मामा कर्नल कॅम्पबेल यांनी त्याला सैन्यात भरती करण्यासाठी ड्यूक ऑफ यॉर्कपुढे उभे केले, तेव्हा ड्यूकने तोही त्याच कुळातला असणार असे समजून नाव तसेच लिहून घेतले, असे सांगतात. 1808 मध्ये तो कॅम्पबेल या नावानेच अधिकारी झाला आणि मामाच्या सल्ल्याने त्याने ते नाव पुढे चालू ठेवले.

ग्लेन्कोचा मुद्दा गंभीर आहे, कारण तेथे खरोखरच माणसे मारली गेली. दोन्ही कुळांतले वैरही काल्पनिक नव्हते. 1645 मध्ये इन्व्हरलॉकी येथे मॅकडोनाल्डांच्या बाजूने कॅम्पबेलांचा मोठा संहार झाला होता. तरीही 13 फेब्रुवारी 1692 च्या पहाटेची घटना हा दोन कुळांचा झगडा नव्हता. राजा तिसऱ्या विल्यमशी निष्ठेची शपथ घेण्याची मुदत 1 जानेवारी होती आणि ग्लेन्कोच्या मॅकडोनाल्डांना धडा शिकवण्याचा बेत राज्यसचिव जॉन डॅलरिंपल याने आखला. हा गृहस्थ लोलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागातला, कॅम्पबेल नव्हे. आदेशावर राजाची सही होती. सत्तर वर्षांखालील सर्वांना तलवारीखाली घालण्याचा लेखी हुकूम मेजर डंकन्सन याने 12 फेब्रुवारीला पाठवला. तो अमलात आणणारा कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेल हा ग्लेनलायनचा होता आणि त्याची तुकडी अर्गाईलच्या अर्लच्या सरकारी पलटणीतली होती. तीत कॅम्पबेल आडनावाचे शिपाई मोजकेच होते. त्या घरांत सुमारे बारा दिवस पाहुणचार घेतल्यावर त्यांनी सुमारे 38 जणांना मारले आणि पळालेल्यांपैकी कित्येक बर्फात गारठून मेले. ज्यांच्याकडे पाहुणे म्हणून राहिले त्यांनाच मारले, हाच या गुन्ह्याचा गाभा होता, आणि कॅप्टनची स्वतःची भाची ग्लेन्कोच्या प्रमुखाच्या धाकट्या मुलाला दिलेली होती. त्याला दोषमुक्त करण्याचे काही कारण नाही. दोष त्याच्या कुळाला देण्याचे मात्र अजिबात नाही.

कारण हा मजकूर एक गोष्ट नेहमी वगळतो. ग्लेन्कोचा प्रमुख मॅकइयन 31 डिसेंबरला फोर्ट विल्यमला शपथ घ्यायला गेला होता; तेथील अधिकाऱ्याला ती देण्याचा अधिकार नसल्यामुळे त्याला भर हिवाळ्यात इन्व्हरॅरीपर्यंत जावे लागले. तेथे 6 जानेवारीला, मुदत टळून गेलेली असतानाही, म्हाताऱ्याची विनवणी ऐकून ज्याने त्याला शपथ दिली तो शेरीफ, म्हणजे तेथला न्यायाधिकारी, आर्डकिंग्लासचा सर कॉलिन कॅम्पबेल होता. त्याने त्या शपथेचा कागद एडिंबरा येथे पाठवला आणि तेथे कागदावरची ती नोंद खोडून टाकण्यात आली.