शून्य गुणिले दोन

शनिवारी रात्री ८८व्या मिनिटाला माझा कॅप्टन मैदानात उतरला, समोरच्याचा शर्ट ओढून त्याने पिवळं कार्ड घेतलं आणि सामना संपला. फॅंटसी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून ॲपवर आपली टीम लावायच्या खेळात, मैदानात नुसता पाय ठेवल्याचा १ गुण, पिवळ्या कार्डाचा वजा १. कॅप्टनचे गुण दुप्पट. करा दुप्पट शून्याची!

तो उतरलाच नसता तर कॅप्टनपद आपोआप व्हाइस कॅप्टनकडे गेलं असतं. माझा व्हाइस कॅप्टन हा डिफेंडर. त्याने पूर्ण वेळ खेळल्याचे २, हेडरच्या गोलचे ६, क्लीन शीटचे (टीमने गोल न खाल्ल्याचे) ४ आणि बोनसचे ३ असे १५ मिळवले होते. त्याचे ३० झाले असते. शिवाय बेंचवरचा पहिला राखीव ८ गुण घेऊन ताटकळत बसला होता, तोही आत आला असता. त्या दोन मिनिटांनी माझे २३ गुण खाल्ले.

नेमके बायकोचे मामा जेवायला आले होते. मामा बँकेत ऑडिटला होते. निवृत्त झाले तरी हॉटेलचं बिल अजून पेनाने टिका मारत तपासतात.

"जावईबापू, हे सगळं सरकारने ऑगस्ट २०२५मध्ये बंद केलं ना?"

"ते पैशांचं, मामा. हे फुकट आहे."

"फुकट? मग जेवत का नाही तुम्ही?"

मी नियम सांगायला घेतले. फॉरवर्डने गोल केला तर ४, मिडफिल्डरने ५, डिफेंडरने ६, गोलकीपरने १०.

मामांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "म्हणजे ज्याला त्याच कामाचा पगार मिळतो, त्याला सगळ्यांत कमी?"

"हो."

"आणि जो आपली खुर्ची सोडून दुसऱ्याच्या टेबलावर लुडबुडला, त्याला १०. आमच्याकडे त्याला मेमो मिळायचा."

मग क्लीन शीट. टीमने गोल खाल्ला नाही तर गोलकीपरला आणि डिफेंडरला ४. "काही घडलं नाही म्हणून ४?" हो, पण निदान ६० मिनिटं खेळायला हवं. "आणि ५९व्या मिनिटाला काढला तर?" तर काही नाही. "त्याचा काय दोष?" यावर मी वरण वाढून घेतलं.

खरा धक्का पुढे होता. २०२५-२६च्या हंगामापासून डिफेंडरने टॅकल, ब्लॉक, इंटरसेप्शन, क्लिअरन्स असे बचावाचे प्रकार मिळून १० केले की २ गुण.

"९ केले तर?"

"शून्य."

"प्रोरेटा नाही?"

"नाही."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग खिशातून पेन काढून पेपर नॅपकिनवर माझा हिशेब मांडला, २३च्या खाली दोन रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं, 'बुडीत'. बायकोने तो नॅपकिन फ्रिजवर लावलाय.

तेही चाललं असतं. पण आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये एक गृहस्थ आहेत. ऑगस्टमध्ये टीम लावली, त्यानंतर ॲप उघडलेलं नाही. मी दर शनिवारी भर दुपारी, पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी, डेडलाइन गाठायला पंगतीतून उठतो. जादा बदलीला ४ गुण कापून घेतो. यांचा कॅप्टन दुखापत होऊन महिनाभर घरी आहे, त्यामुळे दर आठवड्याला यांचा व्हाइस दुप्पट होतो. आणि तो व्हाइस म्हणजे माझाच डिफेंडर. ३० गुण!

सोमवारी कॉफी मशीनपाशी मला विचारतात, "वीकेंडला मॅच होती का रे?"