पिंकीचं तोंड, माझा जीव

परवा सकाळी नागावच्या किनाऱ्यावर एका निवृत्त एसटी ड्रायव्हरने माझं वजन चारचौघांत मोठ्याने सांगितलं. अंदाज दोन किलोंनी चुकला. कुठल्या बाजूने, ते मी लिहिणार नाही.

घोडेस्वारीचा क्लास ही लेकाची भेट. ऑनलाइन पैसे भरून तो तिकडे बंगळूरात मोकळा झाला. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण घोडीला दात भरपूर होते. घोड्याला साधारण 40 आणि घोडीला 36 असतात म्हणे. पुढच्या दहा मिनिटांत मी ते इतक्या जवळून पाहिले की मोजताही आले असते.

घोडीचं नाव पिंकी. क्लासची वेळ साडेसात, कारण त्या दिवशी द्वितीया. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड वाजता भरती, त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण ओहोटी आणि वाळू टापांना हवी तशी घट्ट. मी पुण्याहून या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी हे गणित मला ओसरीवर बसवून शिकवलं होतं. कपाळमोक्षाचा मुहूर्त काढायला ते उपयोगी पडेल, हे त्यांच्याही मनात नसेल.

आधी फॉर्म. रामरक्षेत डोक्यापासून पायांपर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली करतात. या फॉर्ममध्ये तेच सगळे अवयव जवळपास त्याच क्रमाने होते, फक्त त्यांची जबाबदारी माझी होती. मी सही केली आणि मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली.

तेवढ्यात सर आले. वय बावीस-तेवीस, पण किनाऱ्यावर सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हटलं. त्यांनी सुरूच्या झाडाला अडकवलेले दोन लगाम काढले आणि घोडीच्या तोंडात जाणारा लोखंडी भाग, म्हणजे बिट, माझ्यासमोर धरला. एक साधी स्नॅफल, मधोमध सांधा असलेली. दुसऱ्याला दोन्ही बाजूंना लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी. दांडी ओढली की साखळी आवळते, म्हणजे थोड्या ओढीचा जास्त जोर होतो.

"मॅडम, कुठला लावू? आपल्याकडे कस्टमरला चॉइस असतो."

ज्या बाईने आयुष्यात घोडा फक्त वरातीत पाहिला, तिने हे ठरवायचं! मी तोंड उघडणार तोच मागून आवाज आला, "लांब दांडीवाला घ्या."

माकडटोपी, हाफ पँट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. "कोनाच्या वाडीतल्या तुम्ही?" मी घर सांगितलं. "म्हंजे भाऊंच्या सूनबाई! भाऊ रोज माझ्याच गाडीनं अलिबागला जायचे. पहिल्या सीटवर." झालं. मी आता त्यांची वहिनी झाले होते आणि या प्रकरणात त्यांना पूर्ण हक्क मिळाला होता.

"सर, बगा," काका म्हणाले, "मी उभा जन्म गाडी चालवली, एक अपघात नाय. का? ब्रेक. ही बाईमाणूस, घाबरनार, खेचनार. खेचल्याबरोबर गाडी जागच्या जागी उभी ऱ्हायला पायजे."

"काका, नवशिक्याने हा खेचला तर घोडी उभीच राहील," सर म्हणाले. "मागच्या दोन पायांवर."

काका विचारात पडले. एसटीत अशी सोय नव्हती.

"मग हँडब्रेक?"

"घोडीला हँडब्रेक नसतो, काका."

"इंजिन बंद करता येतं का?"

"नाही."

"तरी मी म्हनतो, घाटात ह्ये जनावर चालनार नाय." वास्तविक नागावात घाट नाही. समोर समुद्र, मागे सुपारीच्या वाड्या, सगळं सपाट. पण काकांची गाडी आता बोरघाटात शिरली होती. तिथून ती अर्धवट रिटर्न तिकिटांवर गेली, मग खोपोलीच्या चहावर, मग आमच्या सासऱ्यांनी एकदा सीटखाली विसरलेल्या फणसावर. पिंकी एका पायावर भार टाकून डुलकी घेत होती. मी हेल्मेट घालून उभी होते आणि हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता.

"आनि लोड किती, त्याच्यावर ब्रेक ठरतो," काका अचानक सपाटीवर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो आकडा बोलले. शेजारच्या शहाळेवाल्याने मान डोलावली. त्या माणसाकडून मी आता शहाळं घेणार नाही.

मी रागाने म्हटलं, "साधी लावा."

सरांनी पिंकीच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा घातला. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यांच्या मध्ये नुसती हिरडी असते, अंगठा तिथे बिनधोक जातो. पिंकीने जबडा उघडला, चघळलेल्या गवताची हिरवी लाळ त्यांच्या मनगटावरून ओघळली. स्नॅफल त्यांनी आधी दोन्ही तळहातांत धरून ऊबवली होती, ती जिभेवरून आत सरकली आणि त्या रिकाम्या जागी बसली. ओठांच्या कोपऱ्यात दोन सुरकुत्या पडल्या. "एवढ्याच पायजेत," सर म्हणाले. "जास्त पडल्या तर घट्ट, नाय पडल्या तर सैल." काका बघायला जवळ वाकले आणि पिंकी शिंकली. दुधाची पिशवी वाचली, माकडटोपी नाही.

त्या हिरडीवर मांस जवळजवळ नसतंच, कातडी आणि खाली हाड. हे कळल्यावर माझं लक्ष पलीकडे गेलं. पर्यटकांना फेऱ्या मारणारा एक घोडा उभा होता, त्याच्या तोंडातल्या कडीला आतून काटे होते. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे 1965 चे नियम आहेत, त्यांत असा काटेरी लगाम सरळ बंद केलेला आहे. काका म्हणाले, "त्यो बगा, नुसता हात लावला का थांबतोय!" कौतुकाने म्हणाले. थांबेल नाहीतर काय करेल? समोर एक कुटुंब लेकराला वर बसवून फोटो काढत होतं आणि घोड्याने दात विचकले तर "हसतोय, हसतोय" म्हणत होतं. मी त्या मालकाला नियम सांगितला. तो म्हणाला, "ताई, राइड घ्यायची का?"

परत आले तर सर म्हणाले, "मॅडम, एकदम शांत राहा. तुम्ही घाबरलात की घोडीला कळतं."

या वाक्याचा मला मनापासून संताप आहे. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत शांत, एमआरआयच्या नळीत शांत, बाळंतपणातही सैल सोडा, शांत. शांत राहायचं काम नेहमी घाबरलेल्याकडेच का? आतापर्यंत माझी भीती माझ्यापुरती होती, आता ती एका घोडीपासून लपवायची. "श्वास सोडा," सर म्हणाले. सोडायला आधी आत असावा लागतो.

"वहिनी, क्लच सोडतो तसा. हलू हलू," काका म्हणाले.

आणि हे लिहिताना अजूनही चीड येते, पण तेच चाललं. मी हलू हलू श्वास सोडला, खांदे खाली आले, पिंकीचा मागे वळलेला कान पुढे गेला. डाव्या रिकिबीत पाय, एक हिसका, काकांचं "उचला, उचला, लोड उचला!" आणि मी खोगिरावर होते.

मी लगामाकडे हात नेला. सरांनी तो शांतपणे काढून पिंकीच्या मानेवर गाठ मारून ठेवला आणि लांब दोरी आपल्या हातात घेतली. "पयला महिना लगाम नाही. नवीन माणूस तोल गेला की त्यालाच लटकतो, घोडीचं तोंड सोलतं. तुम्ही आयाळ धरा."

"मग मघाशी मी निवडलं ते काय होतं?"

"चॉइस," सर म्हणाले.

गोल गोल फिरून उतरले तेव्हा मांड्या माझ्या राहिल्या नव्हत्या. हातात जादा पैशांची पावती आली : साहित्य सल्ला, 250 रुपये. सल्ला सगळा काकांनी दिला होता, म्हणून मी पावती त्यांच्याकडे केली. त्यांनी ती लांब धरून तिकिटासारखी वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, "ह्याच्यातले निम्मे माझे व्हायला पायजेत. थांबा, बोलतो त्याच्याशी."

ते गेले आणि बोलले. सरांनी त्यांना 100 रुपये दिले. माझे 250 कोणी परत केले नाहीत.